आठव्या प्रश्नापुढची चौकट

प्रपोजल फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आठवा प्रश्न होता. तुम्हाला मेंदूचा, मज्जासंस्थेचा किंवा मनाचा कुठला विकार आहे का, त्यावर औषध चालू आहे का? पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलेले एजंटकाका तोवर भराभर खुणा करत आले होते. बीपी नाही, शुगर नाही, दमा नाही. इथेही त्यांनी मान वर न करताच ‘नाही’च्या चौकटीवर पेन टेकवलं, तेव्हा मी म्हणाले, “काका, थांबा. माझी गोळी चालू आहे.”

“कसली?”

“डिप्रेशनची. जुलैपासून.”

आई स्वयंपाकघरात गवार मोडत होती. तिच्या शेंगांचा कटकट आवाज थांबला. एजंटकाका बाबांच्या वेळेपासूनचे, घरातलेच. त्यांनी आवाज खाली आणला. “बेटा, हे लिहायची गरज नाही. हे काय हार्टचं दुखणं आहे का? लिहिलंस की फाईल अडकलीच म्हणून समज.”

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि ‘हो’वर खूण केली. त्या घटकेला मला विम्यातलं काहीही कळत नव्हतं. फक्त एवढं वाटत होतं, की वर्गात मुलांना उत्तर लपवू नका म्हणणाऱ्या बाईने स्वतःचं उत्तर लपवू नये.

मी नाशिकमधल्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेत चौदा वर्षं गणित शिकवते. हातात येणारा पगार 26,500 रुपये. शिक्षक म्हटलं की लोकांना वाटतं सरकारी नोकरी, सगळं सुखरूप. पण ‘शालार्थ’मध्ये माझं नाव नाही, म्हणजे पगार सरकारकडून येत नाही. पगाराबरोबर येणारं बाकीचंही काही येत नाही. माझी डीएडच्या वेळची मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. बिलं, प्रमाणपत्रं, सिव्हिल सर्जनची सही, आकस्मिक आणि गंभीर आजारांची यादी, अशी तिची स्वतःची एक डोकेदुखी असते; तरी तिच्या पाठीशी काहीतरी उभं आहे. माझ्या पाठीशी काय उभं आहे, हा प्रश्न मला अडतिसाव्या वर्षापर्यंत पडलाच नव्हता.

तो पडला 2025च्या जूनअखेर, दहावी ‘ब’च्या तासाला. वर्गसमीकरणं चालू होती. सूत्र फळ्यावर लिहायला घेतलं, ‘एक्स बरोबर’ लिहिलं आणि हात तिथेच राहिला. सूत्र आठवत होतं. चौदा वर्षं लिहिलेलं सूत्र विसरायचं कसं? पण खडू पुढे सरकेना, जणू हात दुसऱ्याचा होता. वर्ग आधी कुजबुजला, मग गप्प झाला. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, वजा बी.” तिला वाटलं मी परीक्षा घेतेय. मी “बरोबर” म्हणाले, खडू तिच्या हातात दिला आणि तिने पुढचं लिहिलं. घंटा होईपर्यंत मी खिडकीशी उभी होते. त्याआधी दोन महिने मला पहाटे तीनला जाग येत होती, वह्या तपासताना एकच ओळ चार-चार वेळा वाचावी लागत होती, डबा तसाच घरी परत येत होता. त्या सगळ्याला मी ‘दगदग’ म्हणत होते. फळ्यापुढे थांबलेल्या हाताला तो शब्द पुरला नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि सांगितलं: मध्यम स्वरूपाचं नैराश्य. रोज एक गोळी आणि दर आठवड्याला समुपदेशन. उपचार मला मानवला. तीन आठवड्यांत झोप परत आली, आणि त्याबद्दलची कृतज्ञता मी शब्दांत मांडू शकणार नाही. पण मी गणिताची शिक्षिका आहे, महिनाअखेरीला हिशेब मांडला. समुपदेशन 900 रुपयांप्रमाणे चार वेळा, डॉक्टरांची फी 700, गोळ्या अडीचशेच्या आसपास. एकूण 4,550. पगाराच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त. समुपदेशक मॅडम म्हणाल्या होत्या, निदान सहा महिने तरी सोडू नका. दुसऱ्या महिन्यात मी चारचे दोन केले. कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही नाही; त्यांना सांगितलं, शाळेत परीक्षा आहेत.

मग मी शोधाला लागले. सुरुवात शाळेच्या क्लार्कपासून. त्यांना कारण सांगितलं नाही, नुसतं “आपल्याला काही मेडिकलचं आहे का?” असं विचारलं. ते म्हणाले, “ईएसआयसी असतं मॅडम, पण ते महिना 21,000 पर्यंतच्या पगाराला. तुम्ही त्याच्या वर.” ईएसआयसीच्या दवाखान्यात बाह्यरुग्ण म्हणूनही उपचार मिळतात, दाखल व्हावं लागत नाही, हे मला नंतर कळलं आणि फार लागलं. साडेपाच हजारांनी मी त्या दाराबाहेर होते.

म्हणजे स्वतःचा मेडिक्लेम काढायचा. तीन कंपन्यांना फोन केले, दोन कचेऱ्यांत जाऊन बसले. वेटिंग पिरियड, को-पे, सब-लिमिट, रायडर, टीपीए. समोरचा माणूस हे शब्द मीठ-मिरची म्हणावं तसे बोलायचा, आणि मी मान डोलवायची. घरी येऊन वहीत लिहून काढायचे आणि एकेकाचा अर्थ शोधत बसायचे. वर्गात मागच्या बाकावरचा जो मुलगा ‘कळलं’ म्हणतो आणि ज्याला काही कळलेलं नसतं, त्याच्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते.

एका कंपनीच्या पॉलिसीची अडतीस पानं मी रात्री छापील प्रश्नपत्रिकेसारखी वाचली. बाविसाव्या पानावर ‘मानसिक आजारांवरील उपचार समाविष्ट’ असं दिसलं आणि मला हायसं वाटलं. सकाळी लगेच फोन लावला.

“माझ्या डॉक्टरांची फी आणि समुपदेशन यातून मिळेल ना?”

“हो मॅडम, मेंटल इलनेस कव्हर्ड आहे.”

“म्हणजे दर आठवड्याचं?”

“ॲडमिट झालात की सगळं मिळेल, मॅडम. किमान 24 तास.”

“पण मला ॲडमिट व्हायचं नाहीये. मी रोज शाळेत जाते.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या मुलीने अगदी मनापासून सांगितलं, “मग मॅडम, ओपीडी यात येत नाही.”

तो फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जागेवरून उठले नाही. नैराश्य, चिंता, झोप उडणं, भीतीचे झटके यांतल्या बहुतेक माणसांचा उपचार डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसून होतो. आठवड्याला पाऊण तास, महिन्याला एक तपासणी, रोज एक गोळी. आणि विमा खाटेचा. दाखल झालं, की त्याआधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतल्या तपासण्या-औषधांचेही पैसे मिळतात. दाखल होण्याची वेळ येऊ नये म्हणून मी जो खर्च करते, त्यातला एक रुपयाही नाही.

कायदा काय म्हणतो ते मग मी शोधलं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 सालचा, लागू झाला 29 मे 2018पासून. त्याच्या कलम 21च्या चौथ्या पोटकलमात स्पष्ट लिहिलंय, की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो त्याच आधारावर तो प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारालाही उपलब्ध करून द्यावा. 2018च्याच ऑगस्टमध्ये विमा नियामक ‘इर्डाई’ने कंपन्यांना तसं कळवलं. तरी वर्षानुवर्षं पॉलिसींमध्ये मानसिक आजार वगळलेल्या गोष्टींच्या यादीत राहिले. 2021मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा नाकारलेला क्लेम कंपनीला द्यायला लावला, आणि 2022मध्ये इर्डाईने 31 ऑक्टोबरची मुदत घालून सगळ्याच पॉलिसींत मानसिक आजार धरायला सांगितले. हे वाचताना मला त्या अनोळखी अर्जदार बाईबद्दल फार आदर वाटला. आजारातून उठून कोर्टाची पायरी चढायला किती बळ लागलं असेल! तिच्यासारख्यांमुळेच माझ्या बाविसाव्या पानावर ती ओळ आली. पण ‘त्याच आधारावर’ म्हटलं, की शरीराच्या आजाराला जी खाटेची अट तीच मनालाही लागली. मोडलेल्या पायाला खाट लागते. माझ्या आजाराला खुर्ची लागते, आणि त्या खुर्चीचा विचार या समानतेत कुणी केलेला नाही.

ओपीडीचं रायडर असतं, ते घेता येतं. एका ठिकाणी वर्षाला 10,000 रुपयांपर्यंतचा ओपीडी खर्च, त्यासाठी जादा हप्ता 6,800. मी विचारलं, यात समुपदेशन? उत्तर आलं, मानसोपचारतज्ज्ञांची फी चालेल, समुपदेशकांची नाही. माझ्या महिन्याच्या 4,550तले 3,600 समुपदेशनाचे. वहीत लिहिलं आणि त्यावर काट मारली.

आता एजंटकाकांच्या फॉर्मकडे येते. पाच दिवसांत पॉलिसी हातात आली. इतक्या लवकर? काही तपासणी नाही, डॉक्टरांचं पत्र मागितलं नाही. सोबत माझ्याच प्रपोजल फॉर्मची छापील प्रत होती. तिसरं पान उघडलं. आठवा प्रश्न. उत्तर: नाही.

काकांना फोन केला. त्यांनी नाकारलं नाही. कागदावरची माहिती संगणकावर भरताना त्यांनीच ते बदललं होतं. “तुझ्या भल्यासाठीच गं. कोण बघतंय? पाच वर्षं गेली की कंपनी काही करू शकत नाही.” मला संताप आला आणि त्याबरोबर वाईटही वाटलं, कारण ते खरंच माझ्या भल्यासाठी म्हणत होते. त्यांच्या बोलण्यात अर्धी गोष्ट खरी होती. सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही; 2024पर्यंत ही मुदत आठ वर्षांची होती. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. आणि पाच वर्षं व्हायच्या आत काही झालं तर? मनाचंच कशाला, उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि भरतीच्या कागदावर डॉक्टरांनी ‘रुग्ण नैराश्यावरील गोळी घेते’ असं नेहमीप्रमाणे लिहिलं तर? तो एक शब्द त्या ‘नाही’समोर ठेवला, की अपेंडिक्सचा क्लेमही अडचणीत. आजार लपवून हप्ते भरायचे म्हणजे दर वर्षी पैसे मोजून धास्ती विकत घ्यायची. मला तर धास्तीचीच गोळी चालू होती.

पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. पूर्वी बहुतेक पॉलिसींना ही मुदत 15 दिवसांची असायची. मी अकराव्या दिवशी लेखी कळवलं, की फॉर्ममधली माहिती चुकीची आहे आणि मला पॉलिसी नको. थोडे पैसे वजा होऊन बाकीचे खात्यात आले. पैसे अडवले असते तर पुढे काय करायचं तेही मी तोवर वहीत लिहून ठेवलं होतं: आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग इर्डाईचा 155255 हा क्रमांक किंवा ‘बिमा भरोसा’, आणि तरी भागलं नाही तर विमा लोकपाल, जिथे तक्रारीला फी लागत नाही. त्यातलं काही करावं लागलं नाही, पण ते पान असल्यामुळे मला फोनवर आवाज न कापता बोलता आलं.

पुढचा फॉर्म मी स्वतः भरला. डॉक्टरांकडून पत्र घेतलं: निदान, गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून, आणि ‘रुग्ण नियमित कामावर जाते’ हे वाक्य. एका कंपनीने कळवलं, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. दुसरीने वैद्यकीय तपासणी करून घेतली आणि होकार दिला. पाच लाखांचं संरक्षण, हप्ता 9,200. एक गोष्ट माझ्या बाजूने पडली. 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला; माझा अर्ज ऑक्टोबरातला, म्हणून सोळाशे-साडेसोळाशे वाचले. नैराश्याला मात्र 36 महिन्यांचा वेटिंग पिरियड, कारण ते आधीपासूनचं दुखणं. त्याहून जास्त थांबवायची नियमाने परवानगी नाही. म्हणजे 2028च्या ऑक्टोबरपर्यंत या आजारासाठी दाखल व्हावं लागलं तर खर्च माझा. बाकी ताप, अपघात, ऑपरेशन यांना आधार झाला. या वेळी पॉलिसी आल्यावर पहिलं पान न बघता मी थेट तिसरं काढलं. आठव्या प्रश्नापुढे ‘हो’.

राहिलं महिन्याचं. ते विम्यातून सुटणार नाही हे मान्य केल्यावर मी सिव्हिलला गेले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांची ओपीडी चालते, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. हे मला चार महिन्यांत कुणीच सांगितलं नव्हतं. कदाचित ‘मॅडम’ला सिव्हिलचं नाव कसं सुचवायचं असं लोकांना वाटलं असेल. पहिल्या दिवशी मी स्कूटरवर बांधतात तसा तोंडाभोवतीचा स्कार्फ रांगेतही सोडला नव्हता. तरी मागून आवाज आला, “नमस्कार, मॅडम.” आठवीतल्या एका मुलाचे वडील. सोबत त्यांची आई, हातात केसपेपर. माझं तोंड कोरडं पडलं. ते म्हणाले, “आईला इथलं औषध चांगलं लागू पडलंय. डॉक्टर ऐकून घेतात.” आणि सरकून त्यांनी बाकावर मला जागा करून दिली. मी स्कार्फ सोडला. आता गोळ्या आणि तपासणी तिथे, आणि वाचलेल्या पैशांत समुपदेशन पुन्हा महिन्याला तीनदा. मधल्या एका वाईट रात्री 14416 हा टेलिमानसचा क्रमांकही मी फिरवला. 10 ऑक्टोबर 2022ला सुरू झालेली ही केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास. रात्री दोनला पलीकडून कुणीतरी मराठीत “बोला ताई, मी ऐकतेय” म्हणालं. त्या वेळी तेवढं पुरलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी स्टाफरूममध्ये बोलले. ग्रुप मेडिक्लेमबद्दल कचेरीत ऐकलं होतं. संस्थेने सगळ्यांचा मिळून घेतला तर आधीचे आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरतात, आणि ओपीडी, समुपदेशन यांबद्दल कंपनीशी बोलून घेता येतं. एकटीने मागितलं की रायडर महाग पडतं, चाळीस जणांनी मागितलं की बोलणी होतात. हे समजावताना मी माझ्या गोळीबद्दलही सांगितलं. तसं ठरवलं नव्हतं. पण ‘मानसिक’ हा शब्द कशाला हवा, असं एका सरांनी विचारलं आणि दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कुणी काही बोललं नाही. चहाचे कप उचलायला आलेले शिपाईमामासुद्धा थांबले. मधल्या सुट्टीत संस्कृतच्या मॅडम जिन्यात भेटल्या. माझं मनगट धरून म्हणाल्या, “माझी तीन वर्षं चालू आहे. घरीसुद्धा माहीत नाही.”

मुख्याध्यापिका मॅडमनी अर्ज वाचला. म्हणाल्या, संस्थेकडे पाठवते, पण पैशाचा प्रश्न आहे. निम्मा हप्ता स्टाफने भरायची तयारी असेल तर तसं लिहा. आम्ही तसं लिहिलं. चाळिसांपैकी सत्तावीस सह्या झाल्या. पीटीचे सर शेवटी आले, ज्यांना मी चौदा वर्षांत शिट्टी आणि ‘सावधान’ याखेरीज फारसं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी अर्ज उभ्याने दोनदा वाचला. जिथे मी ‘ओपीडी उपचारांसह’ लिहिलं होतं, तिथे बाणाची खूण करून त्यांनी वर स्वतःच्या अक्षरात ‘व समुपदेशन’ असं घातलं आणि मग सही केली.

अर्ज 12 जानेवारीला शिपाईमामांच्या हाती संस्थेच्या कार्यालयात गेला. आवक क्रमांक घातलेली पोच मी पॉलिसीच्या फाईलला लावली आहे. संस्थेची बैठक मार्चमध्ये आहे.